बी.ई. करून मशीनवरच उभं राहायचं होतं तर...

जून-जुलैत निकाल लागतात आणि माझ्याकडे येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. "मॅडम, बी.ई. करून मशीनवरच उभं राहायचं होतं तर आयटीआयला काय वाईट होतं? एवढी फी तरी वाचली असती." बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांच्या घरात मशीनऐवजी रिॲक्टर असतो, डिप्लोमावाल्यांच्या घरात आवाज जरा खालचा असतो. बाकी सूर तोच. ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं तो मुलगा शेजारी बसून मोबाईलचं कव्हर काढत-घालत असतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये समुपदेशन करणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले, नंतर चाकण, रांजणगाव, तळेगाव असा पट्टा वाढत गेला. इथल्या घराघरांत कुणी ना कुणी 'कंपनीत' होतं किंवा आहे. त्या पिढीने मशीनवर उभं राहून वन बीएचकेचे हप्ते फेडले आणि मुलांना इंजिनिअर केलं, ते मुलांनी मशीनपासून लांब बसावं म्हणून. आणि आता तोच मुलगा पदवी घेऊन, सेफ्टी शूज घालून पहिल्या शिफ्टच्या बसची वाट बघत चौकात उभा राहणार! हे घरच्यांना सहन होत नाही, आणि का होत नाही ते मला समजतं. वाळूज, सातपूर, शिरोली, बुटीबोरी अशा दुसऱ्या औद्योगिक वसाहतींकडचे पालक ऑनलाइन बोलतात तेव्हा तेही हेच सांगतात.

सगळ्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं, जावं की जाऊ नये. मी ते देत नाही. त्याऐवजी एका मुलाबद्दल सांगते. त्याला समीर म्हणू. नाव, गाव, काही तपशील बदललेले आहेत आणि बऱ्याच बैठकांमधलं थोडंच इथे येणार आहे.

समीर मेकॅनिकलचा, फर्स्ट क्लास. कॉलेज पुण्याबाहेरचं, कॅम्पसला मेकॅनिकलसाठी आलेल्या कंपन्या मोजक्याच. सॉफ्टवेअरवाल्यांच्या परीक्षा दिल्या, एकीत मुलाखतीपर्यंत गेला, पुढे काही झालं नाही. सहा-सात महिने घरात काढल्यावर चाकणच्या एका कारखान्यात उत्पादनाच्या लाईनवर 'ट्रेनी' म्हणून जागा आली. हातात चौदा हजार, बस आणि कॅन्टीन. ते पत्र आल्या दिवसापासून वडिलांनी बोलणं बंद केलं आणि समीरने घरच्यांबरोबर जेवणं. आई त्याला घेऊन आली.

"काय चाललंय सध्या?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे फुकट गेलो, मॅडम. एवढंच."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारपद्धतीत वाढलेली समुपदेशक आहे. परिस्थितीने माणूस खचतो त्याहून जास्त तो त्या परिस्थितीवरून स्वतःला जे बजावत राहतो त्याने खचतो, हे माझ्या कामाचं मूळ. त्यामुळे 'फुकट गेलो' ऐकलं की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, "नोकरी हलकी असू शकते, समजा आहेच. पण ती घेणारा माणूस हलका कसा होतो, तो हिशेब मला मांडून दाखव."

तो म्हणाला, "मॅडम, हे सकाळी व्हॉट्सॲपवर येतं तसं वाटतंय."

मला हसू आलं. मुलगा हुशार आहे हे तिथेच कळलं. अशा मुलांना तत्त्व ऐकवून भागत नाही, कागद-पेन द्यावं लागतं. मी सांगितलं, लाईनवर जाण्यात नक्की काय काय वाईट आहे ते लिहून आण. सुचेल त्या क्रमाने.

पुढच्या वेळी यादी आली. मित्र हिंजवडीच्या आयटी कंपनीत, गळ्यात आयडी कार्ड. पगार. नाईट शिफ्ट. लग्नाला मुलगी कोण देणार. चुलतभाऊ आयटीआय करून त्याच भागात पर्मनंट आहे, त्याच्यासारख्यांच्या हाताखाली काम. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, पप्पा बोलत नाहीत.

पगाराशी मी वाद घातला नाही. चौदा हजार कमीच आहेत, त्याला 'अनुभव' म्हणून सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. मी चुलतभावाची ओळ धरली.

"त्याच्या हाताखाली काम केलं तर काय होईल?"

"त्याला सगळं येतं."

"आणि तुला?"

बराच वेळ गेला. "मॅडम, मला मायक्रोमीटर धड धरता येत नाही. लॅबमध्ये सहा जणांत एक होता. एक जण रीडिंग घ्यायचा, बाकीचे उतरवायचे. उद्या ऑपरेटरने ड्रॉइंग पुढे केलं आणि म्हणाला, इंजिनिअरसाहेब, हा टॉलरन्स बघा, तर?"

हे वाक्य मी त्यानंतर अनेकांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत काढून घेतलं आहे. 'मशीनवर उभं राहणं कमीपणाचं वाटतं' असं म्हणणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना खरं तर ती जागा भीतीची वाटते. ऑफिसात पदवी झाकून ठेवता येते. कारखान्याच्या फ्लोअरवर, मशीनपाशी, पहिल्याच आठवड्यात कळतं की ज्याला थर्मोडायनॅमिक्समध्ये सत्तर मार्क आहेत त्याला कटिंग टूल झिजल्याचा आवाज ओळखता येत नाही, आणि दहावी पास माणसाला येतो. कमीपणा म्हटलं की दोष जागेवर जातो. भीती म्हटलं की स्वतःकडे बघावं लागतं. म्हणून मुलं पहिला शब्द निवडतात. आपल्याकडची बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं या भीतीला किती हातभार लावतात यावर मी वेगळं लिहू शकेन, पण ते असो.

एकदा भीती हे नाव मिळालं की काम सोपं होतं. भीतीवर सराव चालतो. मी समीरला सांगितलं, चुलतभावाकडून व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मापाची साधनं शिकून घे. नोकरी घे किंवा नको घेऊस, हे शिक. "त्याला विचारायचं?" असा चेहरा झाला. पण गेला. भावाने चेष्टा केली, मग शिकवलंही.

राहिली शेवटची ओळ, पप्पांची.

वडिलांना बोलवायला वेळ लागला. सेकंड शिफ्ट, ओव्हरटाइम, गावची जत्रा, कारणं बरीच. घरातल्यांचा समज एकच होता की त्यांना लोकांची लाज वाटते. वस्तीतल्या लोकांना सांगितलेलं, पोरगा इंजिनिअर झाला, आता एसीत बसणार. आले तेव्हा खुर्चीच्या अगदी टोकावर बसले. बोलताना उजवा हात हलत होता, डावा पिशवीखाली होता. पिशवी सरकली तेव्हा दिसलं, डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंतच होती.

"बोटाला काय झालं?"

"जुनं आहे. प्रेसवर गेलं."

समीर खिडकीकडे बघत होता. मी त्याला विचारलं, "तुला माहीत आहे कसं झालं ते?"

"लहान होतो मी. कंपनीत लागलं, एवढंच माहीत आहे."

"विचारायचंय का काही?"

मला वाटलं होतं, 'दुखलं का' असं काहीतरी येईल. तो म्हणाला, "किती टनाची प्रेस होती, पप्पा?"

वडिलांनी मान वर केली. "पन्नास टनी. मेकॅनिकल."

"दोन हातांची बटणं नव्हती?"

"होती की. एक बटण पट्टी लावून दाबूनच ठेवलेलं असायचं. मग एका हातानं माल घालायचा, दुसऱ्यानं स्ट्रोक द्यायचा. पीस जास्त निघायचे."

"पण दोन बटणं त्यासाठीच असतात ना, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून."

"ते मला माहिती नाय का? तासाचा आकडा गाठायचा असायचा."

"कुणी लावली पट्टी?"

"कुणी म्हणजे काय, सगळेच लावायचे. सुपरवायझर बघायचा न तोंड फिरवायचा."

"मशीनचा सेफ्टी गार्ड?"

"सेटिंगला काढलेला. परत कुणी बसवलाच नाय."

"मग डबल स्ट्रोक आला का, एका दाबात प्रेस दोनदा खाली? क्लच अडकला असेल."

वडील थांबले. "तुला डबल स्ट्रोक माहिती आहे?"

"वाचलंय."

"वाचलंय!" ते मोठ्याने हसले. मग माझ्या टेबलावरचं पॅड ओढून त्यांनी डायचं, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचं, चित्र काढायला घेतलं. पंच कुठे, स्ट्रिपर कुठे, पीस कसा अडकायचा आणि तो काढायला हात का जायचा. समीर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी गेला. पुढची पंधरा-वीस मिनिटं दोघांनाही मी त्या खोलीत आहे याची आठवण नव्हती. मीही मध्ये काही बोलले नाही. नवशिके समुपदेशक अशा वेळी 'आता तुम्हाला कसं वाटतंय' असं विचारून सगळा खेळ मोडतात. केव्हा गप्प बसायचं हे कळायला वर्षं जातात, आणि मला ते आता बऱ्यापैकी कळतं असं मी म्हणेन.

मला दिसत होतं ते हे. मुलगा पहिल्यांदाच बापाला त्याच्या कामाबद्दल विचारत होता, आणि ज्यासाठी बापाने त्याला शिकवलं त्याच शिक्षणाच्या भाषेत विचारत होता. इतकी वर्षं घरात 'पप्पा कंपनीत आहेत' एवढंच वाक्य होतं. त्या वाक्याच्या आत पन्नास टनांची प्रेस आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग वडील माझ्याकडे वळले. "मशीनची मला लाज नाय, मॅडम. त्याच मशीनवर याला शिकवलाय. पण उद्या यालाबी कुणी म्हणालं, बटणाला पट्टी लाव, तर हा काय करणार?"

समीर म्हणाला, "मी नाही म्हणेन."

"मीबी म्हणलो असतो. कंत्राटावर होतो. दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं."

सगळ्या बैठकांमध्ये माझ्या दृष्टीने मोलाचं वाक्य हे. लाज वगैरे काही नव्हतं, त्या माणसाला धोका नेमका कुठे असतो हे ठाऊक होतं. आणि बोलता बोलता त्याने जी कसोटी सांगितली तशी करिअरच्या पुस्तकांत मला सापडलेली नाही. पालक विचारतात पगार किती, मुलं विचारतात पद काय. विचारायला हवं ते असं की या जागेवर उभं राहून मला 'थांबा, हे चुकतंय' म्हणता येईल का, आणि म्हटलं तर माझं काय होईल?

टोयोटाची उत्पादनपद्धत उभी करणाऱ्या ताइइची ओनोंचं नाव चाकणच्या कुठल्याही प्रॉडक्शन मॅनेजरला विचारा. हा माणूस इंजिनिअरांना कारखान्याच्या जमिनीवर खडूने आखलेल्या वर्तुळात उभं करून 'बघ' म्हणायचा, नुसतं बघ, काय चुकतंय ते दिसेपर्यंत. टोयोटाच्या लाईनवर दोरी असते. दोष दिसला की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. लीडर धावत येतो, प्रश्न तिथल्या तिथे सुटला नाही तर लाईन थांबते. म्हणजे ज्या पद्धतीची जगाने नक्कल केली तिचा पायाच हा आहे की मशीनवरच्या माणसाला प्रश्न विचारायचा हक्क आहे. आपल्याकडे 'गेम्बा' (प्रत्यक्ष कामाची जागा), 'कायझेन' (सतत थोडी थोडी सुधारणा) हे शब्द भिंतीवरच्या पाट्यांवर भरपूर आले, काही ठिकाणी ती दोरीही आली. सगळीकडे आली असं मात्र समजू नका.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ज्या फ्लोअरवर पदवीधराला विचारता येतं, बघता येतं, चार विभाग फिरता येतात, तिथे सुरुवात करण्याइतकी चांगली सुरुवात उत्पादन क्षेत्रात दुसरी नाही. डिझाइनमध्ये, प्लॅनिंगमध्ये, क्वालिटीमध्ये पुढे जो कोणी चांगला निघतो त्याने बहुधा कधीतरी रिजेक्शनचा ढीग स्वतः उपसलेला असतो. आणि ज्या फ्लोअरवर फक्त पीस मोजले जातात तिथे पदवी असलेल्याने जाऊ नये, नसलेल्यालाही खरं तर जावं लागू नये.

त्यानंतरच्या बैठकीत आम्ही तिघांनी मिळून समीरचं पत्र उघडलं. लेटरहेड कारखान्याचं नव्हतंच, मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं होतं. पद 'ट्रेनी', पण ट्रेनिंग कशाचं, कोण देणार, किती दिवस, एक अक्षर नाही. मुदत अकरा महिने. काम 'गरजेनुसार कोणत्याही विभागात'. वडिलांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हे माझंच पत्र आहे. फक्त कॉम्प्युटरवर काढलंय."

या 'ट्रेनी'ने आपल्या पट्ट्यात बरीच वर्षं गोंधळ घातला आहे. तंत्रशिक्षण परिषदेची 'नीम' योजना २०१३ मध्ये आली, हेतू रोजगारक्षम करण्याचा होता, पण कितीतरी ठिकाणी शिकाऊ मुलं थेट उत्पादनाला लावली गेली. पुढे ती योजना बंद झाली. पत्रावर ट्रेनी लिहायची सवय राहिली.

कायद्याने ज्याला शिकाऊ उमेदवारी म्हणतात ती वेगळी. १९६१ चा कायदा आहे, १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधर अभियंतेही त्यात आले. केंद्राच्या 'नॅट्स' पोर्टलवर नाव नोंदवता येतं, आपल्या भागाचं काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडून, ज्याला सगळे 'बोट' म्हणतात त्याच्याकडून चालतं. करार नोंदला जातो, शेवटी सरकारमान्य प्रमाणपत्र मिळतं. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये धरलं होतं. चांगल्या कंपन्या त्याहून जास्त देतात. म्हणजे हातात येणारी रक्कम ठेकेदाराच्या चौदा हजारांपेक्षा कमीही असू शकते, आणि इथेच पालक अडखळतात. शिवाय कायदा साफ सांगतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घ्यायचं बंधन मालकावर नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर वर्षाअखेरीला पुन्हा 'फुकट गेलो' सुरू होतं. पण त्याच कायद्यात हेही आहे की सुरक्षिततेच्या बाबतीत त्याला कामगारासारखंच संरक्षण मिळतं आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते. समीरच्या वडिलांनी हे कलम दोनदा वाचायला लावलं.

राज्य सरकारची २०२४ मधली युवा कार्य प्रशिक्षण योजना, लोक जिला 'लाडका भाऊ' म्हणतात, तिच्याबद्दलही विचारणा होते. पदवीधराला महिना दहा हजार अशी ती सुरू झाली. मिळाली तर घ्यावी. पण काही महिन्यांच्या योजनेवर करिअर उभं राहत नाही, तिथे काय शिकलात त्यावर राहतं.

मुलाखतीला गेल्यावर काय विचारायचं हे मी मुलांना तोंडपाठ करायला लावत नाही, पण एवढं नक्की विचारा: माझं पत्र कुणाच्या नावाने निघणार, पहिल्या तीन महिन्यांत मी कुठे कुठे बसणार किंवा उभा राहणार, मी कुणाला रिपोर्ट करणार, आणि याआधी आलेली पदवीधर मुलं आज कुठल्या कामावर आहेत. शेवटच्या प्रश्नावर एचआरची व्यक्ती घुटमळली तर उत्तर मिळालं असं समजा. जमलं तर शिफ्ट सुटताना गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबा. तिथे मिळते ती माहिती कुठल्याही वेबसाइटवर नसते.

मोठ्यांची उदाहरणं द्यावीत का? घरोघरी रतन टाटांचं नाव निघतं. अमेरिकेतून आर्किटेक्चर शिकून आले, १९६२ मध्ये टाटा समूहात रुजू झाले आणि जमशेदपूरला भट्टीपाशी कामगारांबरोबर चुनखडी उपसली. खरं आहे, आदरही वाटतो. पण समीरसारख्या मुलाला मी हे उदाहरण देत नाही. ज्याचं आडनावच टाटा त्याची उमेदवारी वेगळी, त्याला परतीची वाट पक्की होती. त्यापेक्षा जनरल मोटर्सच्या मेरी बारा मला जवळच्या वाटतात. १९८० मध्ये, अठराव्या वर्षी, इंजिनिअरिंगचं शिक्षण आणि काम एकत्र चालणाऱ्या व्यवस्थेत त्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग तपासायला उभ्या राहिल्या आणि २०१४ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या. हे सांगताना मी सहज म्हटलं की त्यांचे वडीलही त्याच कंपनीत डायमेकर होते. समीरचे वडील ताठ बसले. "डायमेकर?" पुढच्या भेटीत त्यांना बाईंचं नाव पाठ होतं.

मुलींच्या घरची काळजी थोडी वेगळी असते. १९७४ मध्ये टेल्कोच्या (पुढची टाटा मोटर्स) जाहिरातीत 'स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत' असं होतं आणि सुधा मूर्तींनी थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं होतं. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात मुलींनी चालवलेली लाईन आहे. इतकं बदललं. तरी आई-वडील रात्रीची बस, स्वच्छतागृह, सुपरवायझरची भाषा यांबद्दल विचारतात तेव्हा त्यांना मागासलेले म्हणू नका. विचारायलाच हवं, आणि आधी तिथे काम केलेल्या मुलीलाच विचारायला हवं.

फ्लोअरवर न गेलेलं बरं अशीही मुलं असतात. ज्याला उत्पादनात रसच नाही, ज्याचं मन कोडिंगमध्ये किंवा एमपीएससीच्या पुस्तकात आहे, त्याने 'घरी बसण्यापेक्षा बरं' म्हणून तिकडे जाऊ नये. रात्रपाळीने वाढणारा आजार असेल तर डॉक्टरांचं ऐकावं. उलट घरात हप्ता थकला असेल तर ठेकेदाराची नोकरीही घ्यावी लागते. त्याला मी नाक मुरडत नाही, इतकंच सांगते की घेताना ती कशासाठी घेतली आणि कधी सोडायची हे आत्ताच लिहून ठेव. बिनमुदतीची तडजोड मुलांना आतून खाते.

आणि जे जातात त्यांना सांगते, खिशात वही ठेवा. आज मशीन का थांबलं, किती वेळ थांबलं, सेटरने काय केलं, पहिला पीस का नापास झाला. रोज चार ओळी. महिन्याभरात त्या वहीत असे प्रश्न दिसायला लागतात जे मॅनेजरलाही सुचलेले नसतात. जुन्या ऑपरेटरला 'काका, हे मला येत नाही, दाखवा' म्हणायला शिका. पदवीधराच्या तोंडून हे वाक्य ऐकायला ती माणसं किती आतुर असतात ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. 'मला आलंच पाहिजे' या हट्टाने जी मुलं जातात ती तिसऱ्या आठवड्यात रजेवर जातात. 'आलेलं आवडेल, येत नसेल तर शिकेन' एवढ्यावर जी जातात ती टिकतात. हा माझ्या एलिससाहेबांचा धडा, पण तो ज्याला मी शिकवला त्याने मला मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकवलं, तेव्हा फिट्टंफाट.

समीरने ठेकेदाराची जागा नाकारली. त्यानंतर दोन-अडीच महिने काहीच आलं नाही आणि ते दिवस घरात कठीण गेले, हेही सांगायला हवं. आईला वाटलं, मॅडमनी पोराची हातची नोकरी घालवली. फोनवर तसं बोलल्याही. मग भोसरीतल्या एका मध्यम आकाराच्या गिअर कारखान्यात नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी मिळाली, विद्यावेतन बारा हजार. मुलाखतीत त्यानेच विचारलं होतं, मागची मुलं कुठे आहेत. मॅनेजरने फ्लोअरवर बोट दाखवून दोघांना हाक मारली.

वर्ष झाल्यावर त्या कारखान्यात जागा नव्हती, त्यांनी त्याला ठेवलं नाही. प्रमाणपत्र आणि चार वह्या घेऊन तो बाहेर पडला आणि चाकणला कंपनीच्याच रोलवर प्रोसेस इंजिनिअरिंगमध्ये लागला. मुलाखतीत वही उघडून दाखवली म्हणे. दिवसातले निम्मे तास अजून फ्लोअरवरच असतात. घरी रविवारी बापलेकांचं डाय क्लिअरन्सवरून भांडण होतं आणि चुलतभाऊ बहुतेक वेळा वडिलांची बाजू घेतो.

लग्नाचं स्थळ अजून यायचं आहे. 'शिफ्टवाला मुलगा नको' हे वाक्य दोन ठिकाणांहून आलं, त्यावर माझ्याकडे तोडगा नाही. सध्या आईच्या डोक्यात एम.बी.ए. आहे. तिने समीरला न सांगता माझ्याकडे गुरुवारची वेळ घेतली आहे. मी त्यालाही बोलावलं आहे, आणि वडिलांना फर्स्ट शिफ्ट असेल तर त्यांनाही.